भुकेल्या जमिनीवरची शिकारीण

*किडे खाणाऱ्या झाडांच्या गोष्टी शाळेत सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. पण घटपर्णी शिकारीकडे वळली ती का? तिच्या जाती किती तऱ्हेच्या? आणि रायपूरपासून साताऱ्यापर्यंत पसरलेल्या तिच्या भाऊबंदांवर आज कोणतं संकट आहे?*

मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला की माणसं कूलरसमोर ठाण मांडतात आणि कुंड्यांमधली झाडं माना टाकतात. त्यातही सगळ्यात आधी हार मानते ती घटपर्णी. नर्सरीतून किंवा घरबसल्या मागवून ही ‘किडे खाणारी वेल’ हौसेनं बाल्कनीत टांगली जाते. आणली तेव्हा तिला पाच-सहा ऐटबाज सुरया लटकलेल्या असतात. पंधरा दिवसांत एकेक सुरई करपून तपकिरी पडते. मग घरात उपचार सुरू होतात. कुणी मूठभर शेणखत घालतं, कुणी युरियाचे चार दाणे टाकतं. झाड सावरत तर नाहीच, उलट खत मिळाल्यावर आणखी लवकर मान टाकतं!

खत घातल्यानं मरणारं झाड! हे कोडं एकदा सुटलं की घटपर्णीचं सारं गुपित उलगडतं.

फूल नव्हे, पान!

घटपर्णीची सुरई पाहून अनेकांना ते तिचं फूल वाटतं. प्रत्यक्षात ते पानच. पानाची मधली शीर टोकाच्या पुढे दोरीसारखी वाढत जाते, खाली लोंबते आणि तिच्या टोकाला एक इवलीशी फुगवटी येते. ती मोठी होत होत पोकळ सुरईचं रूप घेते. सुरई पूर्ण वाढेपर्यंत तिचं झाकण घट्ट बंद असतं. वाढ झाली की ते उघडतं आणि सापळा तयार!

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. किडा आत शिरला की झाकण फट्‌कन मिटतं, असं पुष्कळांना वाटतं. चित्रांतून, गोष्टींतून तसंच रंगवलेलं असतं. पण एकदा उघडलेलं घटपर्णीचं झाकण पुन्हा कधीच मिटत नाही. पावसाचं पाणी आत पडून पाचक रस पातळ होऊ नये, यासाठी ते छपराचं काम करतं. झटकन मिटणारा सापळा असतो तो अमेरिकेतल्या ‘व्हीनस फ्लायट्रॅप’चा. ती झाडं निराळी.

निसरड्या काठाची करामत

मग झाकण न मिटता शिकार होते कशी? तर निव्वळ घसरगुंडीनं! सुरईच्या तोंडाशी गोल, चकचकीत, रेघारेघांचा काठ असतो. तिथे मधासारखा गोड रस पाझरतो. रंग आणि वास यांना भुलून मुंग्या, माश्या, झुरळं तिथे येतात. काठ कोरडा असतो तेव्हा त्यांना काही होत नाही. पण पाऊस, दव किंवा नुसत्या दमट हवेनं तो ओलावला की त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि किड्याचे पाय सरकतात. आतली भिंत बहुतेक जातींत मेणचट असते. वर चढायला आधार नाही आणि तळाशी आहे चिकट, पाचक रसांनी भरलेलं पाणी. त्यात बुडालेल्या किड्याचं मांसल शरीर काही दिवसांत विरघळतं आणि त्यातलं सत्त्व सुरईची आतली भिंत शोषून घेते. उरतात त्या पंखांच्या आणि टरफलांच्या चिंध्या.

घटपर्णीच्या ताटात सर्वांत जास्त असतात त्या मुंग्या. त्यांच्या बाबतीत तर ती कमालीची धोरणी वाटते. काठ कोरडा असताना टेहळणीला आलेली मुंगी गोड रस चाखून सुखरूप घरी जाते आणि वारुळात वर्दी देते. ती मैत्रिणींची फौज घेऊन परतते, तोवर काठ ओला झालेला असेल तर सगळ्यांचाच निकाल! एकीला सोडून शंभर मिळवण्याचा हा हिशेब झाडाला अर्थातच कळत नाही. लाखो वर्षांत तो आपोआप जुळून आलेला आहे.

भारतीय शास्त्रज्ञांनीही या सापळ्याचा एक धागा उलगडला आहे. केरळमधल्या पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतल्या संशोधकांना घटपर्णीच्या काठावर अतिनील प्रकाशात निळसर चमक दिसली. २०१३ साली त्यांनी ते संशोधन प्रसिद्ध केलं. ही चमक झाकून टाकली तेव्हा सुरईत पडणाऱ्या किड्यांची संख्या घटली. म्हणजे हा काठ किड्यांना दुकानाच्या पाटीसारखा खुणावतो!

पोटाची खळगी

झाडाला एवढा खटाटोप कशासाठी? ऊन, पाणी, हवा यांतून अन्न बनवणं तर घटपर्णीलाही येतं. तिची पानं हिरवीच आहेत. तिला कमी पडतं ते नत्र आणि स्फुरद. जिथे पाऊस मातीतलं सगळं सत्त्व धुऊन नेतो, जिथे खडकावर जेमतेम वीतभर माती असते किंवा पाणथळ आंबट जमिनीत पालापाचोळा नीट कुजत नाही, अशा ठिकाणी ती राहते. चांगली जमीन दांडग्या झाडांनी आधीच बळकावलेली असते. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा, कुणालाच नको असलेल्या जागी घर करायचं आणि मातीत नाही ते हवेतून उडणाऱ्यांकडून मिळवायचं, हा तिचा मार्ग.

म्हणूनच कुंडीत खत पडलं की तिचं बिनसतं. उपासाला सरावलेल्या तिच्या नाजूक मुळांना ते सोसत नाही. रानातही तेच. जमीन सुपीक झाली की तिथे गवत आणि झुडपं माजतात. त्यांच्या सावलीत ही शिकारीण गुदमरते. गरिबी हेच तिचं संरक्षण!

झाड प्राण्याला खातं हे मान्य करणं विद्वानांनाही सोपं गेलं नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देणारे थोर स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस यांना ही कल्पना पटली नव्हती. १८६० च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन यांना इंग्लंडच्या माळावर ‘दवबिंदू’ या चिमुकल्या झाडाच्या पानांवर चिकटलेले ढीगभर किडे दिसले आणि त्यांनी त्याचा ध्यासच घेतला. मांसाचे, अंड्याचे तुकडे, दुधाचे थेंब असं काय काय त्यांनी त्या पानांना भरवून पाहिलं! १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी दाखवून दिलं की, मांस मिळालेल्या दवबिंदूला न मिळालेल्यापेक्षा कितीतरी जास्त बी धरतं. शंकेला जागाच उरली नाही.

एका घराण्याच्या नाना तऱ्हा

घटपर्णीचं शास्त्रीय नाव नेपेंथिस. ग्रीक महाकाव्यात दुःखाचा विसर पाडणाऱ्या एका औषधाचं हे नाव. लिनिअस यांनी ते या वेलीला दिलं. मादागास्करपासून श्रीलंका, भारत, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत तिच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. सर्वाधिक जाती बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्समध्ये.

या घराण्याची थोरली पाती म्हणजे बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची ‘राजा’. सारावाकचे राजे जेम्स ब्रूक यांच्यावरून तिचं नाव ठेवलं गेलं. तिच्या सुरईत तीन लिटरपेक्षा जास्त पाणी मावू शकतं. क्वचित त्यात बुडालेला उंदीरही सापडला आहे. पण उंदीर खाणं हा काही तिचा नेहमीचा धंदा नव्हे. खारीसारखा दिसणारा ‘ट्री श्रू’ नावाचा प्राणी तिच्या झाकणाखालचा गोड रस चाटायला सुरईच्या तोंडावर येऊन बसतो आणि जाताना लेंड्या आत टाकून जातो. तिची शेजारीण ‘लोवी’ तर मोठेपणी जवळजवळ त्यावरच जगते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या पानांतलं निम्म्याहून अधिक नत्र या लेंड्यांतून येतं. शिकारखाना सोडून तिनं चक्क शौचालय उघडलं आहे!

‘हेम्सलेयाना’ जातीच्या लांबट सुरईत दिवसा चिमुकली वटवाघळं झोपतात आणि भाड्यापोटी विष्ठा देऊन जातात. ‘अँप्युलारिया’ शाकाहाराकडे झुकलेली. तिच्या बुटक्या घटांची झाकणं मागे वळलेली असतात आणि वरून पडणारा पालापाचोळा ती पचवते. ‘बायकॅल्कराटा’च्या पोकळ देठात एका विशिष्ट जातीच्या मुंग्या घर करतात आणि बेधडक तिच्या रसात पोहून येतात. ‘ग्रासिलिस’चं झाकण पावसाच्या थेंबाच्या टपलीनं स्प्रिंगसारखं हलतं आणि खाली आडोशाला बसलेली मुंगी आत फेकली जाते. २०२२ साली बोर्निओतून ‘प्युडिका’ नावाची जात जगापुढे आली. ती आपल्या सुरया जमिनीखाली वाढवून तिथल्या किड्यांवर जगते. हे नाव आपल्या लाजाळूच्या शास्त्रीय नावातही आहे. अर्थही तोच, लाजरी!

सातासमुद्रापलीकडच्या सुरया

नेपेंथिसशी काडीचं नातं नसूनही तशीच सुरई धरणारी झाडं दुसऱ्या खंडांत आहेत. उत्तर अमेरिकेतली सारासेनिया जमिनीतून कर्ण्यासारखी उभी फुटते. तिच्यातल्या एका जातीच्या घटांत सॅलामँडरची पिल्लं सापडल्याची नोंद २०१९ साली कॅनडातून झाली. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमधली ‘कोब्रा लिली’ फणा काढलेल्या नागासारखी दिसते. तिच्या फण्यात काचेसारखे पारदर्शक ठिपके असतात. तीच बाहेरची वाट समजून माशी त्यांवर धडका देते आणि दमून खाली पडते. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांवरच्या हेलिअँफोराला जादा पाणी वाहून जायला खास फट असते. पश्चिम ऑस्ट्रेलियातली अंगठ्याएवढी ‘अल्बनी घटपर्णी’ तर आपल्या अंगणातल्या आंबुशीच्या गणातली. कूळ वेगळं, खंड वेगळा, पण उपाशी जमिनीनं सगळ्यांना एकच विद्या शिकवली!

कुंडीत लावायचीच असेल तर...

नर्सरीत मिळते ती बहुधा फिलिपिन्समधल्या दोन जातींच्या संकरातून झालेली ‘व्हेंट्राटा’. ती रोपवाटिकेत वाढवलेली असते, त्यामुळे ती घेण्यात गैर काही नाही. मात्र काही पथ्यं पाळायला हवीत.

● मातीत नको. नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा किंवा मॉस आणि परलाइट यांचं भुसभुशीत मिश्रण वापरावं.

● पाणी पावसाचं किंवा आर.ओ.चं. रायपूर परिसर चुनखडीच्या खडकावर वसलेला, म्हणून बोअरचं पाणी जड. ते क्षार हिच्या मुळांना बाधतात.

● भरपूर उजेड हवा, पण उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन नको. हवा दमट हवी. कोरड्या हवेत नव्या सुरया धरत नाहीत.

● कुंडीत कुठलंही खत नको. सुरईत मटणाचा किंवा चिकनचा तुकडा तर मुळीच टाकू नये. तो सडतो आणि सुरईही सडते.

● ‘डास कमी होतील’ म्हणून आणणार असाल तर विचार सोडा. उघड्यावर तिच्या पाण्यात डासांच्या अळ्यासुद्धा सुखानं राहू शकतात!

भारताची एकुलती एक

संकरित झाडं बाजारात मिळतात, पण भारतातली स्वतःची घटपर्णी बाजारात शोधू नये. ती एकच आहे आणि तिचं खरं घर मेघालय. ‘नेपेंथिस खासियाना’ हे तिचं नाव. १८५० साली खासी टेकड्यांत हिंडलेले इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी १८७३ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. जयंतिया टेकड्यांतलं जराइन, दक्षिण गारो टेकड्यांतलं बाघमारा, बालपक्रम राष्ट्रीय उद्यान ही तिची ठिकाणं. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. न उघडलेल्या सुरईतलं पाणी डोळ्यांच्या दुखण्यावर वापरण्याची तिथे जुनी रीत आहे. तो पारंपरिक उपचार झाला. कुणी घरी प्रयोग करून पाहू नये.

याच डोंगररांगेतल्या मौसिनरामला वर्षाकाठी सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे रायपूरच्या आठ-नऊपट. एवढ्या पावसात धुऊन निघालेली माती ही घटपर्णीची हक्काची जागा. पण जयंतिया टेकड्यांच्या पोटात कोळसा आहे, चुनखडी आहे. उंदराच्या बिळासारख्या खाणी खणून वर्षानुवर्षं कोळसा उपसला गेला. २०१४ साली राष्ट्रीय हरित लवादानं अशा खाणकामावर बंदी घातली, तोवर पुष्कळ टेकड्यांची चाळण झाली होती. चुनखडीच्या खाणी, रुंदावणारे रस्ते, कमी वर्षांच्या अंतरानं फिरत येणारी झूम शेती आणि वेल उपटून विकणारे हात यांचाही हिला फटका बसला.

तिची एक अडचण उपजतच आहे. तिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. एखाद्या टेकडीवर दहा वेली उरल्या आणि त्या सगळ्या नरच असल्या, तर बी धरणार कसं? ती टेकडी हिरवी दिसते, पण वंश संपलेला असतो.

कायदा तिच्या बाजूनं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं वनस्पतींनाही जागा मिळाली आणि संरक्षण मिळालेल्या सुरुवातीच्या सहा वनस्पतींमध्ये घटपर्णी होती. रानातून ती तोडणं किंवा विकणं गुन्हा आहे. वन्य जाती-प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीतही, ‘राजा’च्या जोडीनं, तिचं नाव आहे. बाघमाऱ्याला तर खास घटपर्णीसाठी अभयारण्य राखलेलं आहे. आकार तीन हेक्टरांहूनही लहान, पण एका वेलीच्या नावानं अभयारण्य असावं, हीच केवढी गोष्ट!

भाठा आणि कातळ

मेघालय रायपूरहून फार दूर. पण घटपर्णीचे शिकारी भाऊबंद पाहायला तेवढं लांब जायला नको. छत्तीसगढचा शेतकरी जमिनीला चार नावं देतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. काळी भारी कन्हार सर्वांत श्रीमंत. उंचावरची लाल, मुरमाड भाठा सर्वांत गरीब. पावसाळ्यात या भाठा जमिनीवर जिथे पाणी झिरपत राहतं, अशा उघड्या ओलसर जागी दवबिंदू उगवतो. पावसाळ्याच्या अखेरीस त्याची लालसर पानं उन्हात दव पडल्यासारखी चमकतात. ते दव नव्हे, डिंक! त्यावर टेकलेला किडा चिकटतो आणि पानावरचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. धानाच्या बांधांशी, साचलेल्या पाण्यात आणखी एक शिकारी असते, युट्रिक्युलेरिया. हिला खरी मुळंच नसतात. तिच्या इवल्या फुग्यांना स्पर्श होताच दार उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात पाण्यातला जीव आत ओढला जातो. घटपर्णीहून हिची चपळाई कितीतरी मोठी, पण बांधावरून जाणाऱ्याचं तिच्याकडे लक्षही जात नाही.

महाराष्ट्रात या दोघी शिकारी सर्वांना ठाऊक आहेत त्या साताऱ्याजवळच्या कास पठारामुळे. सप्टेंबरात कातळावर जांभळा गालिचा पसरतो, त्यात ‘सीतेची आसवं’ हीसुद्धा युट्रिक्युलेरियाच आणि ‘गवती दवबिंदू’ तिचा शेजारी. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पर्यटकांच्या संख्येवर मर्यादाही आली, कारण कातळावरचा मातीचा थर इतका पातळ असतो की नुसत्या पायांनी तुडवूनही तो उजाड होतो.

कासचं नशीब बरं, त्याला गालिचा आहे! कोकणातल्या सड्यांना आणि छत्तीसगढच्या भाठ्याला असं कुणी विचारत नाही. सरकारी नकाशांतही उघड्या कातळाची नोंद ‘पडीक’ या सदरात होते. मुरूम उपसायचा तर भाठा, वसाहत उठवायची तर भाठा, राडारोडा टाकायचा तरी भाठाच. कोकणात कातळ फोडून, बाहेरची माती आणून बागा उभ्या राहतात. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पोट त्यालाही आहे. पण ‘काहीच उगवत नाही’ म्हणून ज्या जमिनीवर माती, खत आणि पाणी ओतलं जातं, तिथे जे उगवत होतं ते दुसरीकडे कुठेच उगवू शकत नाही, एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं.

गावाबाहेरच्या एखाद्या माळाचा तुकडा तसाच सोडण्यासाठी पैसा लागत नाही, योजना लागत नाही. पावसाळा सरता सरता मुलांना घेऊन तिथे जावं, गुडघ्यांवर बसावं आणि लाल, चमकत्या, नखाएवढ्या पानांकडे नीट पाहावं. तोडू नये, उपटून कुंडीत लावू नये. पाठ्यपुस्तकातलं चित्र समोर जिवंत, जेवताना दिसेल! घटपर्णीसाठी मेघालयाला जाणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. तिच्या या चिमुकल्या बहिणींसाठी मात्र चार पावलं पुरतात. फक्त तोवर त्या माळावर मुरमाचा ट्रक पोचलेला नसावा.